शाळेच्या शिवेवरचं घर

कॅनडातल्या आमच्या कनाटा उपनगरात घर घ्यायचं म्हटलं की तुमचं स्वयंपाकघर केवढं हे कोणी विचारत नाही. बेसमेंट, फर्नेस, छप्पर, सगळं नंतर. पहिला प्रश्न, "शाळा कोणती मिळते?" कारण इथे घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. आम्ही भाड्याने राहत होतो त्या टाउनहाउसला चांगली शाळा होती, आणि त्यात आमचं कर्तृत्व शून्य. नवऱ्याचं ऑफिस जवळ म्हणून ते घर घेतलं होतं. पण लोक "अरे वा, तुम्ही त्या बाउंड्रीत?" असं डोळे मोठे करून विचारायला लागले, तेव्हा नवऱ्याची छाती उगाचच फुगायला लागली.

त्या शाळेत आमची लेक तिसरीत होती. पण शाळेशी खरं घट्ट नातं जडलं होतं ते माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं. सासरे गेल्यावर त्या नागपूरहून आमच्याकडे आल्या आणि पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. त्यांना गाडी येत नाही, इंग्रजी बेताचं, आणि बाहेर बघावं तर पांढरं फटक. "काय गं, कर्फ्यू लागला का इथे? एक माणूस दिसत नाही रस्त्याने," असं त्या रोज म्हणायच्या. मग लेकीला शाळेत सोडायचं-आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि बाईंचा चेहरामोहराच बदलला.

शाळेच्या गेटबाहेर त्यांची मंडळी जमायची. एक पंजाबी आजी, जिला सगळे बीजी म्हणायचे. एक गुजराती काका. आणि एक चिनी आजी, जिच्याशी आईंची एकही भाषा जुळत नव्हती. तरी घरी येऊन सांगायच्या, "तिचं सुनेशी पटत नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनेच."

"कुठल्या भाषेत?"

"सुनेचं सांगायला भाषा कायला लागते?"

घंटा झाली, पोरं आत गेली, तरी ही मंडळी फूटपाथवर उभीच. कोणाचा गुडघा, कोणाची साखर, कोणाच्या मुलाचं प्रमोशन. आई घरी यायच्या त्या गालाला लाली घेऊन आणि बातम्यांचं गाठोडं घेऊन.

त्यामुळे आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा आईंनी जेवता जेवता एकच अट सांगितली. "घर कसंही घ्या. शाळा हीच पाहिजे, आणि तिथपर्यंत मला माझ्या पायांनी जाता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर माझं नागपूरचं तिकीट काढा. खिडकीत बसायला मी एवढ्या दूर नाही आली."

धमकी नव्हती ती. भात कालवता कालवता, अगदी शांतपणे. लग्न झालं तेव्हा मी पुण्याची, त्या नागपूरच्या. वरणात गूळ घालायचा की नाही यावरून आमचं दोन वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. आता मात्र या बाई घरात नाहीत ही कल्पनाच सोसवेना. संध्याकाळी दार उघडलं की "आली का?" म्हणणारं माणूस मला हवं होतं. म्हटलं, घर मिळो न मिळो, आईंची शाळा सुटता कामा नये.

नवऱ्याने मग कंबर कसली. तो टेलिकॉमवाला, सिग्नल कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही याचे नकाशे काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याने शाळांच्या हद्दींचा नकाशा डायनिंग टेबलावर पसरला आणि त्यावर रंगीत पेनांनी जे काही केलं ते पाहून मला वाटलं हा आता कोणावर तरी स्वारी करणार. एकच घर, पण इंग्रजीतून शिकायचं तर एक शाळा, फ्रेंच इमर्शन म्हणजे फ्रेंचमधून घेतलं तर दुसरी, कॅथलिक असाल तर तिसरी. डाव्या हाताची घरं एकीकडे, उजव्या हाताची दुसरीकडे. एक रस्ता तर चंद्रकोरीसारखा वळून स्वतःलाच भेटत होता, आणि त्याचं एक टोक आमच्या शाळेत होतं, दुसरं नव्हतं.

"ही रेघ काढली कोणी?" मी विचारलं.

"स्कूल बोर्डाने."

"पिऊन?"

नवऱ्याला विनोद आवडला नाही. त्याने मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, बोर्डात कोणी ओळखीचं आहे का. नागपूरला त्याच्या वडिलांनी हेडमास्तरांच्या साडूला गाठून याचा प्रवेश करवला होता, तो संस्कार जातो कुठे! उत्तरात तीन जणांनी स्वतःच्या शाळेचं गुणगान केलं, एकाने हात जोडलेली इमोजी टाकली आणि एका काकूंनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणं सुरू असल्याचं कळवलं.

एजंट मुंबईचा होता, गोड बोलणारा. "वहिनी, हे घर बाउंड्रीला अगदी लागून आहे."

"लागून म्हणजे आत की बाहेर?"

"आतच समजा."

"समजा?"

"म्हणजे, आजच्या तारखेला आत."

त्या दिवसापासून माझं त्याच्यावरून मन उडालं. नवरा कोणत्याही घरात शिरायच्या आधी रस्त्यावर उभा राहून बोर्डाच्या साइटवर पत्ता टाकायचा. मी आत जाऊन कपाटं उघडून बघायची, आई सिंकचा नळ सोडून पाण्याला जोर आहे का ते बघायच्या, आणि हा पठ्ठ्या बाहेरून अंगठा वर किंवा खाली दाखवायचा. खाली दाखवला की आम्ही बूट घालून निघालो! घरमालकांना काय वाटत असेल देव जाणे.

शेवटी एका घरासमोर त्याचा अंगठा वर झाला आणि वरच राहिला. घर जरा जुनं, गालिचा शेवाळी रंगाचा, पण आई वरच्या मजल्यावर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अरे, ये इकडे! शाळा दिसून राहिली!" खरंच. मागच्या खिडकीतून आमचं कुंपण, त्यापलीकडे एकाचं बॅकयार्ड, त्याचं घर, आणि त्याच्या मागे शाळेचं मैदान. झोपाळेसुद्धा मोजता आले असते.

"मधल्या त्या माणसाच्या परसातून गेलं की झालं," आई म्हणाल्या.

आम्ही हसलो. मला ती गंमत वाटली, नवऱ्यालाही. पण आईंच्या नागपुरातल्या गल्लीत देवळात जायचं म्हणजे दोघांच्या अंगणातून आणि एकीच्या मोरीजवळून जायची वाट होती. जाता जाता "काय करून राहिल्या?" विचारायचं, मिळालं तर चहा घ्यायचा. डोळ्याला दिसते ती जागा पायाला गाठता येते, हा त्यांचा हिशेब. त्यात चूक काही आहे असं कोणालाच वाटलं नाही.

"आणि ती रेघ कुठे आहे म्हणतोस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"समोरचा रस्ता, आई. मधोमध. आपली बाजू आत, समोरची बाहेर."

"म्हणजे आपण शिवेवर."

"हो, तसंच काहीसं."

झालं. आईंच्या माहेरच्या गावी शिवेजवळ घर बांधायचं तर आधी शिवेला नारळ द्यायचा, नाहीतर घर लाभत नाही. नवऱ्याने समजावून पाहिलं की ही सरकारी शीव आहे, हिच्यावर देव नसतो, कमिटी असते. आई म्हणाल्या, "मग कमिटीला दे." पुढच्या खेपेला, इन्स्पेक्टर घराची तपासणी करत असताना, मला खिडकीतून दिसलं की आई रस्त्याच्या कडेला ओणव्या झाल्या आहेत. मी धावत बाहेर पोचेपर्यंत पर्समधला नारळ बाहेर आला होता आणि फूटपाथच्या कडेवर तो दणकन आपटला होता. पाणी माझ्या बुटांवर. एक शकल गडगडत गेलं ते थेट शीव ओलांडून समोरच्या ड्राइव्हवेत.

समोरचा म्हातारा गोरा गृहस्थ गॅरेजातून बाहेर आला. "इज एव्हरीथिंग ओके?"

नवरा इतका गोंधळला होता की त्याने सरळ खरंच सांगितलं. "इट्स फॉर द स्कूल बाउंड्री."

म्हाताऱ्याने नारळाकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. मग अत्यंत गंभीरपणे इंग्रजीत म्हणाला, "ती रेघ आमच्या बाजूला घ्यावी म्हणून आम्ही सगळ्यांनी सह्या गोळा केल्या होत्या. मीटिंगला गेलो होतो. हे काही सुचलं नाही." आईंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्लाही. जाता जाता बोलला, स्कूल बस माझ्याच दारासमोर थांबते, सकाळी जरा गलका असतो, चालेल ना तुम्हाला?

"बस त्यांच्या बाजूच्या पोरांसाठी," नवरा मला मराठीत म्हणाला. "त्यांची शाळा लांब आहे. आपली काय, इथे मागेच." मलाही ते पटलं. खिडकीतून झोपाळे दिसतात त्या शाळेला बस कोण पाठवेल?

जुलैमध्ये राहायला आलो. सामान उघडायच्या आधी आई मागच्या कुंपणाशी गेल्या. मागचा शेजारी भला माणूस, त्याने कुंपणावरून टोमॅटो दिले. आईंनी उलट चकल्या दिल्या. मग खाणाखुणा करून दोन फळ्या काढून टाकायची सूचना केली. तो हसला. आईंनी पुन्हा खुणा केल्या. तो पुन्हा हसला आणि आणखी टोमॅटो दिले.

"आई, ती त्यांची प्रॉपर्टी आहे," नवरा म्हणाला.

"मग मी काय उचलून नेऊन राहिली का बाप्पा त्याची प्रॉपर्टी? फक्त चालून जाईन."

ऑगस्ट संपता संपता ईमेल आला: आपल्या पाल्यास बस मंजूर झाली आहे. मला वाटलं कोणाचा तरी चुकून आला. फोन लावला. पलीकडची बाई फार प्रेमळ होती, त्यामुळे भांडताही येईना. तिने सांगितलं, अंतर खिडकीतून मोजत नाहीत, चालायच्या रस्त्याने मोजतात. आमचा रस्ता आधी शाळेकडे पाठ करतो, एक मोठं वळण घेतो, दुसऱ्या रस्त्याला मिळतो, तो तिसऱ्याला, आणि असं सगळं फिरून तुम्ही शाळेच्या पुढच्या दारी येता. ते अंतर त्यांच्या मर्यादेपलीकडे होतं.

"पण मला बस नकोय," मी म्हणाले.

"ड्रायव्हरबद्दल काही तक्रार आहे का?"

"नाही हो. तिला आजी आहे."

"आजी बसमध्ये बसू शकत नाही, मॅम."

कपाळ माझं!

शाळेच्या पहिल्या दिवशी पिवळी बस समोरच्या म्हाताऱ्याच्या दारात थांबली. लेक पाठीवर दप्तर घेऊन टुणकन उडी मारून चढली. बसमध्ये तिच्या वर्गातल्या दोघी होत्या, त्यांनी आरोळ्याच ठोकल्या. आई ड्राइव्हवेवर उभ्या होत्या, चांगली साडी, वर कार्डिगन, हातात लेकीची पाण्याची बाटली. त्या बाटली द्यायला पुढे झाल्या आणि बस निघाली. शाळेच्या बरोबर उलट दिशेला. अजून चार गल्ल्यांतली पोरं गोळा करून ती फिरून फिरून शाळेला पोचणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आई आत आल्या, बाटली ओट्यावर ठेवली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. संध्याकाळी मुलाला म्हणाल्या, "तिकीट बघ माझं." त्याने "बघतो" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्रीचं जेवण दोघांनीही नीट केलं नाही. मला त्या बोर्डाचा, त्या रेघेचा, त्या वळणदार रस्त्यांचा असा राग आला की काय सांगू. सगळ्यात जास्त त्या अंगठ्याचा.

बस रद्द करता येते, असं त्या प्रेमळ बाईने सांगितलं होतं. मी लेकीला विचारलं, पूर्वीसारखी आजीबरोबर चालत जाशील का?

"नो वे, मम्मा! एव्हरीबडी इज ऑन द बस!"

"आणि आजी?"

तिने खरंच विचार केला. "आजी कॅन वेव्ह."

आई मागेच उभ्या होत्या. त्यांना एवढं इंग्रजी कळत होतं. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "पोरं वाढणारच. तिला तिच्या मैत्रिणींत जाऊ दे." आणि पोळ्या लाटायला वळल्या. मला तिथे त्यांना मिठी मारायची होती, पण आमच्यात ती पद्धत नाही. मी नुसत्या पोळ्या भाजल्या.

पंधरवडाभर असं चाललं. मग एका सकाळी मी घरूनच मीटिंगमध्ये असताना खिडकीतून आई जाताना दिसल्या. बस गेली त्याच दिशेने, डोक्याला स्कार्फ, चाल अशी की घर सोडून निघाल्यात. मी म्यूट करून दाराकडे धावले, तोवर त्या वळणाआड. फोन उचलेनात. दोन तासांनी परत आल्या. गालाला लाली.

"कुठे गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. तिकिटाचं नाव नाही. मी विचारलं की "पाय मोकळे" आणि नवऱ्याने विचारलं की "तू तुझं काम कर." पहिला बर्फ पडून त्यावर पाणी गोठलं त्या दिवशी मात्र मी ऐकलं नाही. म्हटलं, पडलात तर? मी येते. "ये, पण भरभर चालावं लागेल," त्या म्हणाल्या.

आणि चालल्या की हो! त्या रस्त्यांची सगळी वळणं त्यांना पाठ. कोणत्या घराचा कुत्रा भुंकतो, कोण फूटपाथवरचा बर्फ नीट शोव्हल करत नाही, सगळं सांगत होत्या. मध्येच मी विचारून घेतलं, "आई, मग ते तिकिटाचं?"

"कसलं तिकीट? हिवाळ्यात कोणी जातं का नागपूरला?"

नागपूरला जायला हिवाळ्याइतका चांगला काळ नाही. पण मी आपली भरभर चालायला लागले.

शाळेशी पोचलो तेव्हा बस यायची होती. ती अजून कुठल्यातरी गल्लीत पोरं गोळा करत फिरत होती. गेटबाहेर मंडळी उभी होतीच. बीजींनी आईंचा हात धरला, चिनी आजीने थर्मासचं झाकण भरून काहीतरी गरम पुढे केलं आणि आई न विचारता ते प्यायल्या. मग बस आली. लेक उतरली, मला पाहून चपापली. "मम्मा? व्हाय आर यू हिअर?" आईंना पाहून मात्र अजिबात नाही. "हाय आजी!" म्हणत हात हलवला आणि मैत्रिणींबरोबर पळाली. आईंनीही हात हलवला, आणि पुन्हा बीजींच्या गुडघ्याकडे वळल्या.

मी आपलं बोलायचं म्हणून बीजींना विचारलं, "आपका पोता कौनसी क्लास में है?"

"वो? वो तो पिछले साल मिडल स्कूल चला गया, बेटा."

मला वाटलं मी चुकीचं विचारलं. काकांकडे पाहिलं. ते हसले. "हमारा लड़का तो दूसरी बाउंड्री में घर ले लिया. पोती उधर जाती है. मैं सिटी बस से आता हूँ."

चिनी आजीने एक बोट वर केलं आणि शाळेकडे दाखवलं. तिचं एक नातवंड होतं अजून या शाळेत.

"अच्छा, ये कौन है?" बीजींनी आईंना विचारलं.

"मेरी बहू," आई म्हणाल्या. "आज मुझे छोड़ने आई है."

मला हसू फुटलं. घंटा झाली. पोरं रांगेने आत गेली, उशिरा आलेल्या एका बापाने पोराला गाडीतून जवळजवळ ढकललं, आणि गेटवरच्या बाईंनी मंडळींना "गुड मॉर्निंग" करून गेट लावलं. आईंनी माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली.

"जा आता तू. मीटिंग असेल ना तुझी?"

"तुम्ही याल नीट? बर्फ आहे."

"येईन गं. रोज नाही का येत?"

मी निघाले. लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी त्या फूटपाथवर ढसाढसा रडले. कोपऱ्यावर थांबून मागे पाहिलं. आई काकांना काहीतरी हातवारे करून सांगत होत्या, चिनी आजी पोट धरून हसत होती, आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.